बॉन्ड की मिशन: जीव नक्की कोणाचा टांगणीला?

'तो बुर्ज खलिफावर चढणारा बॉन्ड' हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की आता दुरुस्त करायचाही कंटाळा येतो. चढला तो टॉम क्रूझ, पात्राचं नाव इथन हंट आणि सिनेमा 'मिशन इम्पॉसिबल'चा २०११ सालचा चौथा भाग, 'घोस्ट प्रोटोकॉल'. पण गल्लत करणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. दोघेही गुप्तहेर, दोघांचंही संगीत दोन सुरांत ओळखू येणारं, दोघेही दर वीस मिनिटांनी देश बदलणारे. दोघांनाही साहेब लोक आधी घरी बसवतात आणि गळ्याशी आलं की शोधत येतात.

२०१५ साल तर घोळ घालायलाच आलं होतं. जुलैअखेर 'रोग नेशन' आला, नोव्हेंबरात आपल्याकडे 'स्पेक्टर'. पहिल्यात हंटची आयएमएफ ही गुप्तहेर संस्था गुंडाळून सीआयएच्या ताब्यात देतात. दुसऱ्यात बॉन्डचा डबल-ओ हा हेरांचा विभाग मोडीत काढायला एक नवा अधिकारी टपून बसलेला. एकीकडे 'सिंडिकेट' नावाची छुपी टोळी, दुसरीकडे 'स्पेक्टर' नावाची. दोन्ही नायक ऑस्ट्रिया आणि मोरोक्को करून शेवटी लंडनला पोचतात आणि दोन्हीकडे मुख्य खलनायक जिवंत हाती लागतो. त्यात भर लेआ सेदूची. 'घोस्ट प्रोटोकॉल'मध्ये ती बुर्ज खलिफाच्या खिडकीतून खाली जाते आणि चार वर्षांनी बॉन्डची नायिका होऊन परत येते. माणसाने लक्षात तरी काय काय ठेवायचं?

मला फरक कळतो तो एकाच प्रश्नाने. पडद्यावर कोणीतरी कड्यावर लटकलंय, तेव्हा आपल्याला काळजी कोणाची वाटते? पात्राची, की नटाची?

बॉन्ड ही गादी आहे. इयान फ्लेमिंगची पहिली बॉन्ड कादंबरी १९५३ ची, पहिला चित्रपट १९६२ चा. तेव्हापासून मूळ निर्मात्यांच्या २५ चित्रपटांत शॉन कॉनरीपासून डॅनियल क्रेगपर्यंत सहा जण या गादीवर बसून गेले. चेहरा बदलतो, मार्टिनी, अ‍ॅस्टन मार्टिन आणि नाव सांगायची ती ठरावीक पद्धत तशीच राहते. आपल्याला बॉन्ड माहीत असतो, नट नवा असला तरी चालतं. म्हणून तर 'नो टाइम टु डाय'मध्ये (२०२१, बघायचा राहिला असेल तर पुढचं वाक्य सोडा) त्यांनी चक्क बॉन्डला मारला आणि श्रेयनामावली संपल्यावर 'जेम्स बॉन्ड परत येईल' असंही लिहून टाकलं. प्रेक्षकांनाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

हंटचं उलटं. मूळ 'मिशन इम्पॉसिबल' ही १९६६ ते १९७३ चालू असलेली अमेरिकन टीव्ही मालिका, आणि तिच्यात हंट नावाचा माणूसच नव्हता. होती ती टोळी. १९९६ च्या पहिल्या सिनेमात ब्रायन डी पाल्माने मालिकेतल्या टोळीच्या म्होरक्यालाच गद्दार ठरवलं आणि सगळा कारभार क्रूझच्या हाती आला. तेव्हापासून २०२५ पर्यंत आठ सिनेमे, नट एकच. आता सांगा, हंटला प्यायला काय आवडतं? कपडे कुठून शिवतो? तीस वर्षं त्याच्याबरोबर पळूनही आपल्याला फारसं काही ठाऊक नाही. ठाऊक आहे तो क्रूझ.

याचा चोख नमुना म्हणजे दोघांचे घोटे. २०१७ मध्ये लंडनला 'फॉलआउट'च्या चित्रीकरणात एका छपरावरून दुसऱ्यावर उडी मारताना क्रूझचा घोटा मोडला. तो शॉट सिनेमात तसाच ठेवला आहे आणि प्रसिद्धीच्या मुलाखतींत तोच पुन्हापुन्हा दाखवला गेला. २०१९ मध्ये जमैकात 'नो टाइम टु डाय' करताना क्रेगचाही घोटा दुखावला, शस्त्रक्रिया झाली. त्याची बातमी झाली आणि संपली. ती इजा कुठल्या दृश्यात दिसते का, हे शोधायला कोणी गेलं नाही, कारण बॉन्ड बघताना क्रेगच्या घोट्याशी आपल्याला कर्तव्य नसतं.

'डेड रेकनिंग'मधली (२०२३) नॉर्वेच्या कड्यावरून मोटरसायकलसकट मारलेली उडी घ्या. ती कशी केली याचा व्हिडिओ सिनेमा येण्याच्या सात महिने आधीच प्रसिद्ध केला होता. एरवी असं केलं तर मजा गेली म्हणून लोक बोंब मारतील. इथे तिकीटच त्यासाठी काढलं जातं. थिएटरात ती उडी आली तेव्हा हंट कोणाला वाचवायला चाललाय, चावी कोणाकडे आहे, याचा पत्ता कोणालाच नव्हता. 'अरे, हे त्याने खरंच केलंय' एवढंच. 'फायनल रेकनिंग'साठी (२०२५) पेटलेल्या पॅराशूटनिशी १६ उड्या मारून क्रूझने गिनीज विक्रमही केला. बॉन्डच्या सिनेमांत स्टंट कमी दर्जाचे असतात असं नाही. १९७७ च्या 'द स्पाय हू लव्ड मी'मध्ये कॅनडातल्या कड्यावरून स्की लावून मारलेली उडी आजही छातीत धस्स करते. पण ती मारली स्टंटमन रिक सिल्व्हेस्टरने, तेव्हाचा बॉन्ड रॉजर मूरने नव्हे, आणि त्याने बॉन्डचं काही बिघडलं नाही.

दुसरी खूण यंत्रांची. बॉन्डला त्याची यंत्रं बनवणारा 'क्यू' जे देतो ते ऐन वेळी चालतं. 'नो टाइम टु डाय'मध्ये इटलीतल्या मातेराच्या चौकात गाडीला घेरल्यावर हेडलाइटमधून बंदुका बाहेर येतात आणि गाडी गोल फिरत सगळ्यांना झोडपते. हंटची यंत्रं मात्र ऐन वेळी दगा देतात. बुर्ज खलिफाच्या काचेवर चिकटायचा हातमोजा अर्ध्यावर बंद पडतो, मुखवटे बनवायचं मशिन हवं तेव्हाच बिघडतं. योजना फसणं आणि जागच्या जागी दुसरी जुळवणं, यातच 'मिशन'ची खरी गंमत. बेंजी आणि लूथर हे साथीदार सोबत नसतील तर हंट उणा वाटतो. बॉन्डला मात्र एकटेपणा शोभून दिसतो.

भारताशी दोघांचंही नातं आहे. बॉन्ड १९८३ च्या 'ऑक्टोपसी'साठी खरोखर उदयपूरला आला, कबीर बेदी त्यात खलनायकाचा उजवा हात. 'घोस्ट प्रोटोकॉल'मधली हंटची मुंबई मात्र बरीचशी नकली. अनिल कपूर खरा, पण शेवटच्या मारामारीचा तो सरकता कारपार्क कॅनडात उभारलेला सेट. 'फॉलआउट'मधलं काश्मीरही न्यूझीलंड आणि नॉर्वेत सापडलं. आणि 'स्पेक्टर'मधल्या चुंबनांना आपल्या सेन्सॉर बोर्डाने कात्री लावल्यावर 'संस्कारी जेम्स बॉन्ड'चे विनोद कसे उसळले होते, ते आठवत असेलच.

'नो टाइम टु डाय' आणि 'फायनल रेकनिंग' या अलीकडच्या दोन्ही सिनेमांविषयी माझी तक्रार एकच: आपण कोण आहोत हे ते विसरले. 'नो टाइम टु डाय' आणि 'डेड रेकनिंग' दोन्ही १६३ मिनिटांचे, पण बॉन्डचा जास्त लांब वाटला. भारतात तो ३० सप्टेंबर २०२१ ला लागला तेव्हा महाराष्ट्रातली थिएटरं कोरोनामुळे बंद होती, ती उघडली २२ ऑक्टोबरला. इतकी वाट पाहून बघितलं काय, तर अपराधगंड, कुटुंब आणि डोळ्यांत पाणी. क्रेग उत्तम नट, त्याने ते निभावलंही. मला मात्र क्युबातला आना दे आर्मासचा तुकडाच लक्षात राहिला, कारण तेवढ्यापुरता सिनेमा खेळकर झाला होता.

'फायनल रेकनिंग'ने नेमकी उलटी चूक केली. ज्या हंटला आपण ओळखतही नव्हतो, त्याला एकदम जगाचा तारणहार केलं. पहिल्या तासात जो येतो तो त्याच्याविषयी गंभीर आवाजात बोलतो, मधूनमधून जुन्या भागांतली दृश्यं, आणि तिसऱ्या भागातली ती 'रॅबिट्स फूट' नावाची गूढ वस्तू थेट खलनायक एआयच्या जन्माशी नेऊन जोडलेली. मग क्रूझ बुडालेल्या पाणबुडीत शिरतो, संवाद जवळजवळ थांबतात आणि सिनेमा जागेवर येतो. शेवटच्या विमानाच्या प्रसंगात तर मी खुर्चीचा हात धरून होतो. काळजी अर्थात क्रूझचीच होती. साठी ओलांडलेला माणूस उडत्या विमानाच्या पंखाला लोंबकळत होता.

आता बॉन्डची सूत्रं अ‍ॅमेझॉनकडे गेली आहेत आणि पुढचा सिनेमा डेनी व्हिलनव दिग्दर्शित करणार असं २०२५ मध्ये जाहीर झालं. नवा नट येईल, चार दिवस 'हा कसला बॉन्ड' म्हणून ओरड होईल, मग लोक रुळतील. 'मिशन'मध्ये क्रूझच्या जागी कोणाला उभं केलं तर तिकीट काढेन का? नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी बॉन्डसाठी २००६ चा 'कसिनो रोयाल' घ्यावा आणि 'मिशन'साठी २०१८ चा 'फॉलआउट'. 'मिशन'चा २००० सालचा दुसरा भाग सोडला तरी चालेल. संथ गतीत उडणाऱ्या कबुतरांची हौस असेल तर गोष्ट वेगळी.