सच्छिद्र पदार्थ, पॉलिमर आणि बैजिक भूमिती: तिघांची गाठ कुठे पडली

पुण्यात हे तिन्ही विषय जुनेच. वाघोलीच्या खाणीत बेसॉल्टच्या पोकळ्यांमधे झिओलाइट (बारीक छिद्रांची खनिजं) सापडतात, पाषाण रोडवरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (NCL) 1950 पासून आहे आणि तिथे पॉलिमर अन् उत्प्रेरक दोन्हींवर दांडगं काम झालंय, बैजिक भूमितीवाल्यांची, म्हणजे समीकरणांतून आकार अभ्यासणाऱ्यांची, संस्था भास्कराचार्य प्रतिष्ठान 1976 पासून लॉ कॉलेज रोडच्या बाजूला आहे. पण तिघांचे पेपर वाचणारी माणसं वेगळी, त्यामुळे तिघं एकत्र येतात तो भाग राहूनच जातो.

गणित आधी आलं. साबणाच्या फिल्मसारखे, तिन्ही दिशांना तीच नक्षी गिरवत जाणारे दोन पृष्ठभाग एकोणिसाव्या शतकातच माहीत होते, त्यातल्या एकाच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांचं जाळं हिऱ्यातल्या अणूंच्या जाळ्यासारखं. तिसरा, गाइरॉइड, 1970 साली एका अमेरिकी तांत्रिक अहवालात आला. या तिन्ही पृष्ठभागांच्या मुळाशी जीनस 3 चा (म्हणजे तीन भोकांचा) एकच बैजिक वक्र आहे, आठव्या घाताच्या एका समीकरणाचा. हिऱ्यासारख्या पृष्ठभागाच्या सूत्रातला फक्त एक कोन बदलायचा, साधारण 38 अंश, की गाइरॉइड मिळतो. तिघांची वक्रता जागोजागी तीच, बाकी रचना पूर्ण वेगळी.

आता खरा वादाचा मुद्दा. 1986 च्या सुमारास स्टायरीन-आयसोप्रीनच्या तारकाकृती ब्लॉक कोपॉलिमरमधे (दोन वेगळ्या पॉलिमरचे तुकडे एकाच रेणूत जोडलेला पदार्थ) दोन जाळी एकमेकांत गुंतलेली दिसली आणि त्या रचनेला दुहेरी हिरा म्हणायचं ठरलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बैलगाडीच्या चाकासारखं तीन बाजूंनी सारखं चित्र यायचं, एक्स-रेच्या आलेखातले पीक (उंचवटे) फार थोडे आणि पसरट, त्यामुळे निर्णय त्या वेळी पटण्यासारखा होता. मग 1994 मधे दुसऱ्या कोपॉलिमरमधे गाइरॉइड सापडला आणि 1995 मधे जुनेच तारकाकृती नमुने पुन्हा तपासले तर तेही गाइरॉइडच निघाले. फरक कशावरून कळला तर पहिल्या दोन पीकच्या जागांच्या गुणोत्तरावरून, दुहेरी हिऱ्यात ते 1.22 च्या आसपास, गाइरॉइडमधे 1.15. बरेच जण याला सरळ चूक म्हणून सोडून देतात, मला ते अन्यायाचं वाटतं, कारण वक्रताच सारखी असलेल्या दोन पृष्ठभागांमधून धूसर डेटावर एक निवडायचा होता. वक्रतेवरून निकाल लागणारच नव्हता, तो लागला सांध्यांवरून. गाइरॉइडच्या जाळ्यात सांध्याला तीन फांद्या, हिऱ्याच्या जाळ्यात चार, आणि चार फांद्यांचा सांधा जाड होतो, त्याच्या मध्यापर्यंत पोचायला पॉलिमरच्या साखळ्यांना जास्त ताणावं लागतं, म्हणजे ऊर्जा जास्त. हा हिशेब नीट मांडला गेला 1996 मधे, आणि गाइरॉइड स्वतःलाच कुठे छेदत नाही याची गणिती सिद्धतासुद्धा त्याच वर्षी आली, म्हणजे पदार्थ हातात आल्यावर! माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची वर्षं हीच.

छिद्रांच्या बाजूने बघितलं तर 1992 मधे अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेने मेसोपोरस (काही नॅनोमीटरच्या छिद्रांची) सिलिका जाहीर केली, त्या कुटुंबातल्या एका प्रकाराची भिंत गाइरॉइडच्या वाटेनेच जाते. 1999 मधे त्याच सिलिकेच्या छिद्रांत कार्बन भरून नंतर सिलिका विरघळवली आणि सच्छिद्र कार्बन मिळवला, आणि त्याच वर्षी कोपॉलिमरमधला एक भाग ओझोनने खाऊन टाकून उरलेल्या भागाचं सिरॅमिक जाळं करून दाखवलं गेलं. पाषाणच्या प्रयोगशाळेतून 2012 मधे आलेले आम्लात आणि अल्कलीत टिकणारे सहसंयुज सेंद्रिय जाळ्यांचे (सेंद्रिय रेणू पक्क्या बंधांनी जोडून केलेले, COF) पदार्थ मात्र वेगळ्या वाटेचे, त्यांचे थर सपाट असतात, त्यांना या पृष्ठभागांच्या घराण्यात घालू नये.

1986 ते 1994 मधले पेपर वाचताना दुहेरी हिरा असं दिसलं की पीकचं गुणोत्तर आधी बघावं. पण सरसकट गाइरॉइड समजूनही चालणार नाही, नंतरच्या काळात स्टायरीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या कोपॉलिमरमधे खराखुरा दुहेरी हिरा मिळालाय.