तिरंगा (राष्ट्रध्वज)

तिरंगा : भारताचा राष्ट्रध्वज. वर केशरी, मध्ये पांढरा व खाली हिरवा असे सारख्या रुंदीचे आडवे पट्टे, पांढऱ्या पट्ट्यावर २४ आऱ्यांचे गडद निळे अशोकचक्र. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२. घटना समितीने २२ जुलै १९४७ रोजी तो स्वीकारला.

मादाम कामा यांनी १९०७ मध्ये श्टुटगार्टला फडकवलेला ध्वज आणि टिळक-बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा ध्वज हे आधीचे टप्पे. आजच्या ध्वजाचा मूळ आराखडा पिंगळी वेंकय्या यांनी १९२१ मध्ये बेझवाड्याला गांधीजींपुढे ठेवला. त्यातले लाल व हिरवे रंग हिंदू-मुसलमानांचे मानले गेल्याने पुढे वाद झाला. तो मिटवण्यासाठी १९३१ मध्ये नेमलेल्या काँग्रेसच्या समितीने कोपऱ्यात चरखा असलेला पूर्ण केशरी ध्वज सुचवला होता! तो नाकारला गेला. त्याच वर्षी केशरी, पांढरा, हिरवा व मध्ये चरखा हे रूप ठरले आणि रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, असे स्पष्ट करण्यात आले.

कोल्हापुरात हे मुद्दाम सांगायला हवे. करवीर संस्थानचा ध्वज भगवा. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, पण भगव्याशी असलेले इथले नाते तुटले नाही. घटना समितीत ध्वजाचा अर्थ सांगताना सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी ‘भगवा’ हाच शब्द वापरला आणि अर्थ दिला निरिच्छपणाचा : पुढाऱ्यांनी स्वतःच्या लाभाकडे पाहू नये. पांढरा प्रकाशाचा व सत्याच्या वाटेचा, हिरवा मातीशी असलेल्या नात्याचा, चक्र धर्माचे व गतीचे.

चरखा दोन्ही बाजूंनी सारखा दिसत नाही, म्हणून त्याच्या जागी चक्र आले. चित्रातून गेलेला चरखा कापडात मात्र राहिला, कारण ध्वज हातसुताच्या खादीचाच असे. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलून यंत्रावरचे व पॉलिस्टरचे कापडही चालेल असे ठरले. त्यामुळे झेंडा घरोघरी पोचला हे खरे. पण खादीचा तो धागा सैल झाला, ही हानी मोठी आहे. सामान्य नागरिकाला वर्षभर ध्वज लावण्याची मोकळीक २६ जानेवारी २००२ पासून मिळाली.

कोल्हापूरच्या पोलीस उद्यानात १ मे २०१७ रोजी ३०३ फूट उंचीच्या स्तंभावर तिरंगा फडकला. शाळेच्या अंगणातले झेंडावंदन मात्र साध्या काठीवरच होते. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, तर २६ जानेवारीला तो घडी घालून आधीच वर बांधलेला असतो. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवतात आणि सरकगाठ अशी मारतात की दोरीच्या एका ओढीत सुटावी. दोन्ही दिवशी कोल्हापुरात चौकाचौकांत जिलेबीच्या कढया लागतात.