एकाच संस्थेत घर बदलणे : हस्तांतर की अदलाबदल? (पार्श्वभूमी)

लिफ्ट नसलेली चार मजली इमारत. वरच्या मजल्यावरच्या सभासदांचे गुडघे गेलेले, तळमजल्यावरच्या सभासदांना जिना चढायची अडचण नाही आणि त्यांना उजेड-वारा हवा आहे. दोघे एकाच गृहनिर्माण संस्थेचे, दोघांचे शेअर प्रत्येकी ५० रुपयांचे पाच. घरे आपसात बदलून घ्यायला कोणाचीच ना नसते. तरी अर्ज आला की समितीत पहिला प्रश्न निघतो, "हे ट्रान्सफर धरायचं का?" कारण ट्रान्सफर ठरले की संस्था त्यावर रक्कम मागते. त्या प्रश्नाला वेगवेगळ्या काळात वेगवेगळे उत्तर मिळाले आहे.

सुरुवातीला हा प्रश्न नव्हताच. मुंबईत सहकारी घरांचा आरंभ १९१५ साली गावदेवीत झाला. त्या पिढीपुढे जो नमुना होता तो इंग्लंडातला, १९०१ मध्ये ईलिंगला उभा राहिलेला, भाडेकरू सहभागीदारीचा. त्यात जमीन संस्थेची, इमारतही संस्थेची. सभासदाकडे शेअर आणि राहण्याचा हक्क. अशा व्यवस्थेत एका खोलीतून दुसरीत जाणे हा वाटपातला बदल होता. समितीने ठराव केला, नोंदवहीत दोन ओळी पडल्या, काम झाले.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच समजुतीवर बेतलेला आहे. संस्थेच्या शेअरसंबंधीचा दस्त, संस्थेची मालमत्ता स्थावर असली तरी, सक्तीच्या नोंदणीतून वगळणारे कलम त्यात आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी हातात होता तो कागद, घर नव्हे. नियमांनी भाडेकरू मालकी (जमीन संस्थेची, घर सभासदाचे) आणि भाडेकरू सहभागीदारी असे वेगळे वर्ग केले. १९६३ मध्ये मालकी सदनिकांचा कायदा आला आणि बिल्डरकडून फ्लॅट घेऊन मागाहून संस्था करण्याची आज सर्वांना ठाऊक असलेली रीत रुळली. तरी दप्तराची भाषा जुनीच राहिली.

१९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भाषा मोडली. एका सहभागीदारी संस्थेतल्या सभासदावर कर्जवसुलीचा हुकूमनामा होता आणि त्याच्या जागेवर जप्ती आली होती. राहण्याचा हक्क जप्त करून विकता येतो का? येतो, असा निकाल लागला. त्या दिवसापासून 'राहण्याचा हक्क' ही किंमत असलेली मालमत्ता झाली. पुढे २००० साली मुद्रांक शुल्काच्या वादातही तोच धागा ताणला गेला : शेअर घेतले म्हणता, पण त्यांच्याबरोबर जागा येते, तेव्हा अभिहस्तांतरणाचे, म्हणजे मालमत्ता विकत घेतल्याचे शुल्क भरा.

आणि मग ९ ऑगस्ट २००१. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली, म्हणजे संस्थांना निर्देश देण्याच्या सरकारच्या अधिकारात, निघालेल्या या परिपत्रकावर गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये जितका आवाज चढला असेल तितका क्वचितच दुसऱ्या कशावर चढला असेल. हस्तांतर अधिमूल्याला, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावे होताना संस्था घेते त्या रकमेला, त्याने कमाल मर्यादा घातली : महानगरपालिका क्षेत्रात २५,००० रुपये, 'अ' वर्ग नगरपालिकेत २०,०००, 'ब' वर्गात १५,०००, 'क' वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,०००. या मर्यादेत दर ठरवायचा तो सर्वसाधारण सभेने. वर देणगी, वेल्फेअर फंड, रंगकाम निधी अशा कुठल्याही नावाने एक रुपयाही मागायचा नाही.

संस्थांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. जमीन सगळ्यांनी मिळून मिळवलेली, गळकी गच्ची सगळ्यांच्या वर्गणीतून दुरुस्त झालेली, आणि नफा मात्र सोडून जाणाऱ्या एकट्याचा. त्यातला वाटा दुरुस्ती निधीत यावा, हे म्हणणे सहभागीदारीच्या मूळ कल्पनेला धरूनच होते. पण त्या तत्त्वाच्या आडून व्हायची ती अडवणूक. ना-हरकत पत्र हवे, तर चेक आणा. त्यात मोठ्या फ्लॅटवाल्यापेक्षा लहान घर विकून गावी जाणारा माणूस जास्त भरडला जायचा. मर्यादा आली ते बरे झाले असेच म्हणावे लागते. आकडा मात्र त्यानंतरची दोन दशके जागचा हलला नाही, आणि घरांचे भाव कुठल्या कुठे गेले. हा संस्थांचा राग समजण्यासारखा आहे.

इथे शब्दांचा गुंता लक्षात घ्यायला हवा. बोलताना सगळ्यालाच 'ट्रान्सफर फी' म्हणतात. आदर्श उपविधींत, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमांत, मात्र तीन वेगळ्या रकमा आहेत : नव्या सभासदाचे १०० रुपये प्रवेश शुल्क, ५०० रुपये हस्तांतर शुल्क आणि हे अधिमूल्य. कुटुंबातल्या व्यक्तीच्या, नामनिर्देशिताच्या किंवा वारसाच्या नावे जागा जाते तेव्हा, आणि सभासदांनी आपसात सदनिका बदलल्या तेव्हा, सूट आहे ती फक्त अधिमूल्याला. "आम्हाला फी माफ आहे" असे सांगत आलेला सभासद आणि "पाचशे तरी भरा" म्हणणारा सचिव, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

खरी ओढाताण 'आपसात बदलल्या' या दोन शब्दांवर होते. दोघांनी सचिवांकडे कारण देऊन एकत्र अर्ज करायचा, इतके उपविधी सांगतात. पण एकाने आपले तिसऱ्या मजल्यावरचे घर बाहेरच्याला विकले आणि त्याच आठवड्यात तळमजल्यावरचे दुसऱ्या सभासदाकडून घेतले तर? राहणाऱ्याच्या दृष्टीने हे घर बदलणेच आहे, पण कागदावर दोन विक्री आहेत आणि समिती दोन अधिमूल्ये लावते. अदलाबदलीत मोठ्या घरासाठी वर काही लाख दिले, तर समितीच्या भुवया उंचावतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या व्याख्येनुसार एका बाजूला निव्वळ पैसा असेल तर ती अदलाबदल राहत नाही. घर आणि वर थोडी रक्कम, हे निव्वळ पैसा नव्हे. इतके समजावून सांगायला वकील लागतो, हे दुर्दैव.

अधिमूल्य वाचले तरी खर्च संपत नाही. आपल्या मुद्रांक कायद्यात अदलाबदलीच्या दस्तावर दोन्हींपैकी जास्त किमतीच्या मालमत्तेच्या बाजारभावाप्रमाणे शुल्क लागते, तेही विक्रीच्याच दराने. आयकराच्या दृष्टीनेही अदलाबदल हे हस्तांतरच. जिना उतरून खाली राहायला जाण्याला एवढी किंमत पडते, म्हणून कित्येक जण कागद न करता नुसती कुलपे बदलतात आणि पुढच्या पिढीला वाद देऊन जातात.

म्हाडाच्या सोडतीत मिळालेल्या घरांना आणखी एक अट आहे : पहिली पाच वर्षे विक्री नाही. सरकारी जमिनीवरच्या संस्थांत बहुधा वरच्या कार्यालयाची परवानगीही लागते. ज्यांना मजला बदलण्याची गरज सर्वांत जास्त, अशा अल्प उत्पन्न वसाहतींतच फेऱ्या सर्वांत जास्त.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तांतराच्या रकमा परस्परतेच्या तत्त्वावर (सभासदांनी आपल्याच संस्थेत घातलेला पैसा हे उत्पन्न नव्हे) करमुक्त ठरवल्या, आणि २००१ ची मर्यादा अनिवासी गाळ्यांच्या संस्थांना लागू नाही हेही स्पष्ट केले. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी सहकार कायद्यात स्वतंत्र प्रकरण आले, हस्तांतराचे निर्बंध तिकडे गेले. अदलाबदलीच्या व्याख्येला हात लागला नाही.

जुने शेअर सर्टिफिकेट उलटून पाहिले तर मागे छापील कोष्टक दिसते : तारीख, कोणाच्या नावे, सभासद नोंदवहीतला क्रमांक, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. घराचा क्रमांक छापील मजकुरात बहुधा नसतोच, कोणीतरी कोपऱ्यात पेनाने लिहिलेला असतो. म्हणून घरे बदलल्यावर काही समित्या मागचे कोष्टक भरून सर्टिफिकेटे एकमेकांना देतात. काही समित्या शेअर ज्याचे त्याच्याकडे ठेवून पेनाने लिहिलेला तेवढा क्रमांक खोडतात, नवा लिहितात आणि बाजूला सही करतात.