पीक कर्ज: पात्र कोण, कागदं कोणती आणि ३१ मार्च का चुकवू नये

कापूस-सोयाबीनवर घर चालवणाऱ्याला पीक कर्जाइतकं स्वस्त कर्ज दुसरं मिळत नाही. किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के. मुदतीत फेडलं तर ३ टक्के सूट केंद्राची, आणि बाकीचा भार राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून. हिशेब शून्य टक्क्यांवर येतो. काही बँका आधी व्याज कापतात आणि सवलत मागाहून जमा करतात, म्हणून पासबुकात ती आली की नाही हे बघत राहा.

सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार पात्र आहेच. मक्त्याने किंवा बटईने करणाराही नियमात बसतो, बचत गट आणि संयुक्त देयता गटही (एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी घेणारे काही जण) बसतात. प्रत्यक्षात मक्तेवाल्याला लेखी करार मागतात आणि मालक सही करायला तयार नसतो, अडतं ते तिथेच. अशांनी चार-पाच जणांचा संयुक्त देयता गट करून अर्ज करावा, तो मार्ग त्यातल्या त्यात सोपा.

कागदं अशी: चालू सातबारा आणि आठ-अ, आधार, पॅन (नसल्यास फॉर्म ६०), बँक पासबुक, फोटो, आणि गावातली सोसायटी व इतर बँकांकडून बेबाकी दाखला (थकबाकी नसल्याचा). डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो, त्यासाठी तालुक्याला एक दिवस घालवू नका. अॅग्रीस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदीचा) शेतकरी ओळख क्रमांक काढलेला नसेल तर आधी तो काढा. ई-पीक पाहणीत तूर नोंदवली आणि अर्जात कपाशी लिहिली, असंही होतं. दोन्ही जुळलं पाहिजे.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते सातबाऱ्यावरच्या नावापायी. वडील जाऊन वर्षं झाली तरी नाव त्यांचंच, किंवा नवरा गेला आणि बाईचं नाव चढलंच नाही. बँक मयताच्या नावावर कर्ज देत नाही. मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घालून तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन सेवेवर वारस नोंदीचा अर्ज करा. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. पेरणीच्या तोंडावर हे सुरू केलं तर हंगाम हातचा जातो. जमीन सामायिक असेल तर भावांची संमतीही लागते, आणि ती दिवाळीला सगळे गावी येतात तेव्हा घेतलेली बरी.

रक्कम किती मिळणार? जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दरवर्षी पिकानुसार हेक्टरी कर्जदर ठरवते. समजा कपाशीला ६५,००० दर आहे आणि तुमची जमीन दीड हेक्टर, तर ९७,५०० झाले. कार्डाच्या नियमाप्रमाणे त्यावर १० टक्के काढणीनंतरच्या आणि घरखर्चाच्या गरजेसाठी, आणि २० टक्के शेतीची अवजारं-साधनं सांभाळायला. एकूण १,२६,७५०. विम्याचा हप्ता वेगळा. हे १० टक्के फार जण मागतच नाहीत आणि जूनमध्ये पोराच्या फीसाठी बाहेरून महिना शेकडा तीनने उचलतात. कर्जमर्यादेचा हिशेब मांडलेलं मर्यादापत्रक समोर आलं की हे दोन्ही आकडे त्यात धरलेत का, हे विचाराच. कार्ड पाच वर्षांचं असतं, मर्यादा दरवर्षी १० टक्क्यांनी वाढू शकते.

२ लाखांपर्यंत जमीन तारण द्यावी लागत नाही (१ जानेवारी २०२५ पासून, आधी १.६० लाख होती). सोसायटीला कर्जासाठी लिहून दिलेल्या इकराराचा (कराराचा) बोजा सातबाऱ्यावर चढतो, तो भाग वेगळा. कर्ज कायमचं बंद केलं तर बोजा उतरवून घ्या, नाहीतर पुढे मुलांना निस्तरावं लागतं. ३ लाखांपर्यंत प्रक्रिया शुल्क, तपासणी शुल्क माफ असल्याचं बँकांनी २०१९ मध्येच ठरवलंय. पीक विमा कर्जदारालाही ऐच्छिक आहे, पण नको असेल तर अंतिम तारखेच्या सात दिवस आधी लिहून द्यावं लागतं. नाही दिलं तर हप्ता कापला जातो. कपाशीला शेतकऱ्याचा हिस्सा ५ टक्क्यांपर्यंत असल्याने ही रक्कम लहान नाही.

अर्ज परिपूर्ण असेल तर १४ दिवसांत निकाल अपेक्षित आहे. पोच घ्याच, तोंडी "साहेब नाहीत" याला काही किंमत नसते. पीक कर्जासाठी सिबिल मागू नका अशी तंबी सरकारने बँकांना दिली आहे, तरी शाखा बघतेच. म्हणून मोबाइलचे, गाडीचे हप्ते थकवू नका. नाकारलं तर कारण लेखी मागा. मग जिल्हा अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकाकडे जा. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, चौकशीसाठी क्रमांक १४४४८. सोसायटीबद्दल तक्रार असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं जुनं पासबुक असलेल्यांनी गोंधळू नये: १ मे २०२५ पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे.

आता ३१ मार्च. खरीप कर्जाची मुदत बहुतेक सोसायट्यांत हीच. राष्ट्रीयीकृत बँकेतली तुमच्या खात्याची तारीख वेगळी असू शकते, ती विचारून लिहून ठेवा. तारीख चुकली की सवलत संपली. १,२०,००० वर ७ टक्क्यांनी वर्षाचे ८,४०० लागतात आणि थकीत झालं की पुढे बँकेचा नेहमीचा, चढा दर. पारावर "माफी येऊन राह्यली ना, कायले भरतं?" हे ऐकू येईलच. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत २ लाखांपर्यंत माफी झाली, नियमित फेडणाऱ्यांना ५०,००० पर्यंत प्रोत्साहन मिळालं. दोन्ही ठिकाणी तारखा आणि अटी होत्या. पुढच्या माफीत आपलं खातं बसेलच असं आज कोणालाच सांगता येत नाही, नवं कर्ज मात्र थकीत खात्यावर आजच बंद होतं.

पैसे हातात नसले की माणूस नवं-जुनं करतो: कोणाकडून चार दिवसांसाठी उचल, भरणा, नवं कर्ज निघालं की परत. धोका त्या चार दिवसांत आहे. मंजुरी रखडली की चार दिवसांचा महिना होतो. महिना शेकडा दोनने १,२०,००० चे २,४०० गेले. त्यापेक्षा फेब्रुवारीत घरात ठेवलेला शेवटच्या वेचणीचा कापूस थोडा विकावा, भाव वाढायची वाट सगळ्या गंजीसाठी बघू नये. तेही जमत नसेल तर भरण्याआधी सोसायटीच्या गटसचिवाला किंवा बँकेच्या शाखेत एवढंच विचारा, की नवी मर्यादा मंजूर झालीय का आणि पैसे खात्यात कोणत्या तारखेला पडतील.