नावात 'हळद' घातली म्हणून गूगल वर नेत नाही

सांगलीत कुणी धंद्याची वेबसाइट काढायला घेतली की पहिला वाद नावावरून होतो. हळदीचं दुकान असेल तर एक जण म्हणतो नावात सांगली पाहिजे, दुसरा म्हणतो हळद पाहिजे, तिसरा म्हणतो दोन्ही टाका आणि मागं 'बेस्ट' पण जोडा, म्हणजे कुणी 'सांगलीची हळद' सर्च केलं की आपणच पहिले. त्यात डॉट कॉम घ्यायचं का डॉट इन हा अजून वेगळाच तमाशा.

एकेकाळी या म्हणण्यात दम होता. लोक जे शब्द टाकतात तेच जसेच्या तसे साइटचं नाव म्हणून घ्यायचे, आत चार ओळींचा कचरा टाकायचा, आणि साइट खरंच वर यायची. मग सप्टेंबर 2012 मध्ये गूगलनं खास अशाच साइटींसाठी बदल आणला आणि नुसत्या नावावर जगणाऱ्या बऱ्याच साइटी खाली गेल्या. आता नावातल्या शब्दाचं वजन अगदीच किरकोळ राहिलंय. डॉट इनमुळं ही साइट भारतातल्या लोकांसाठी आहे एवढा इशारा गूगलला मिळतो, बाकी डॉट कॉमला काही सोनं लागलेलं नाही. जे स्वच्छ आणि छोटं मिळतंय ते घ्या.

मग वर कोण जातं? त्यासाठी सर्च इंजिन करतं काय ते बघावं लागेल. तुम्ही सर्च मारल्यावर ते इंटरनेट धुंडाळायला पळत नाही, ते काम आधीच झालेलं असतं. त्याचे प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर असे सतत फिरत असतात आणि सापडलेल्या पानांतले शब्द सुटे करून एक उलटी यादी बनवतात. म्हणजे 'हळद' या शब्दापुढं तो शब्द असलेल्या सगळ्या पानांची यादी, 'पेव' (हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार) पुढं त्याची यादी. तुम्ही दोन शब्द टाकले की दोन याद्यांमधली सामाईक पानं काढायची. इथंवर सोपंय, खरी मारामारी क्रम लावताना होते.

त्यात प्रत्येक शब्दाला सारखं वजन देऊन चालत नाही. 1972 मध्ये केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स या बाईंनी मांडलं की जो शब्द कमी ठिकाणी सापडतो तो जास्त कामाचा. 'हळद' हा शब्द रेसिपीत आहे, लग्नात आहे, सर्दीच्या उपायात आहे, त्यामुळं तो असला काय नि नसला काय, पानाबद्दल फारसं कळत नाही. पण एखाद्या पानावर 'हरिपूर', 'पेव' आणि 'राजापुरी हळद' हे सगळं एकत्र आलं की ते पान नेमकं कशाबद्दल आहे ते मशीनला लगेच कळतं, कारण जमिनीखालच्या पेवात हळद साठवायची सांगलीजवळच्या हरिपूरची पद्धत काही गल्लोगल्ली सापडत नाही. म्हणून 'आमच्याकडे उत्तम दर्जाची हळद मिळेल' हे वाक्य पन्नास वेळा लिहून काही होत नाही, उलट तेच तेच शब्द कोंबले की ते स्पॅममध्ये धरलं जातं. आपल्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते का मिळालं, राजापुरी बाहेरच्या हळदीपेक्षा वेगळी कशात, पेवातली आणि गोदामातली यात फरक काय, हे सरळ लिहा की राव, ही माहिती तुमच्याकडं आहे आणि बाकीच्यांकडं नाही.

पण शब्द तर कुणीही लिहील, खरं कुणाचं मानायचं? इथं स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन पोरांचं डोकं चाललं, 1998 च्या पेपरात त्यांनी पानांचं वजन ठरवायची पेजरँक ही पद्धत मांडली, आणि त्याच वर्षी गूगल कंपनी झाली. मार्केट यार्डात ज्या व्यापाऱ्याच्या नजरेला सगळे मानतात त्यानं एका ढिगातली हळकुंडं उचलून मोडून बघितली की बाकीचे पण वळून बघतात, हे साधारण तसंच. एका पानानं दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे ती शिफारस, पण शिफारस करणाऱ्याचं स्वतःचं वजन किती त्यावर तिची किंमत.

आता तुम्ही म्हणाल, त्याचं वजन ठरवायला त्याला कुणी शिफारस दिली ते बघायचं, मग त्या देणाऱ्याचं वजन, हे संपणार कधी? गंमत तिथंच आहे, ते गणितानं संपतं. जगात फक्त तीन पानं आहेत असं धरा. पहिलं शेतकरी गटाचं, दुसरं पेवांचे फोटो टाकणाऱ्या एका हौशी माणसाचं, तिसरं तुमचं. शेतकरी गटानं बाकी दोघांना लिंक दिलीय, फोटोवाल्यानं फक्त तुम्हाला, आणि तुम्ही फक्त शेतकरी गटाला. आता एक रिकामटेकडा माणूस नुसता लिंका दाबत फिरतोय, समोर दोन लिंक असतील तर डोळे झाकून एक दाबतो. तो कायम असाच फिरत राहिला तर त्याचा 40 टक्के वेळ शेतकरी गटाच्या पानावर, 20 टक्के फोटोवाल्याकडं आणि 40 टक्के तुमच्याकडं जाईल. पडताळून बघा, गटाचे 40 दोघांत निम्मे निम्मे वाटले की फोटोवाल्याला 20, तुम्हाला 20, वर फोटोवाल्याचे 20 पण तुमच्याकडंच येतात, झाले 40, आणि तुमचे 40 परत गटाकडं. हिशोब जुळला, आणि हेच आकडे म्हणजे पानांचं वजन. खऱ्या पेजरँकमध्ये हा माणूस मधूनच कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो असं पण धरलेलं असतं, साधारण 85 टक्के वेळा लिंक आणि 15 टक्के वेळा उडी, नाहीतर तो एखाद्या कोपऱ्यात अडकून बसला असता.

आज गूगल याशिवाय ढीगभर गोष्टी बघतं, पान मोबाईलवर नीट दिसतं का, किती लवकर उघडतं, सर्च करणारा कुठं बसलाय वगैरे, पण लिंकचं महत्त्व संपलेलं नाही. त्यामुळं तीन हजारात हजार लिंक विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. एप्रिल 2012 मध्ये पेंग्विन नावाचा अपडेट आला तो असल्या विकतच्या शिफारशींवरच होता. एसईओ, म्हणजे साइट सर्चमध्ये वर आणून देतो म्हणणाऱ्या, एक्सपर्टांचं तर आता पेव फुटलंय, रोज एकाचा फोन येतो की पहिला नंबर गॅरंटी, आणि खुद्द गूगल म्हणतं की अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही.

आता पत्ता. डोमेनचं, म्हणजे साइटचं, नाव झालं, त्याच्यापुढं प्रत्येक पानाचा स्वतःचा पत्ता असतो, आणि मराठीत लिहिणाऱ्यांचा घोळ तिथं होतो. पानाचा पत्ता 'सांगलीची-हळद' असा देवनागरीत ठेवला तर ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण आत तो तसा नसतो. पत्त्यात मुळात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं चालतात, त्यामुळं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये मोडतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह धरून तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हामागं नऊ. काना, वेलांटी, अनुस्वार पण सुटे मोजायचे बरं का. 'सांगलीची'ची आठ चिन्हं, 'हळद'ची तीन, अकरा नव्वे नव्याण्णव आणि मधली आडवी रेघ एक, पूर्ण 100 अक्षरं झाली दोन शब्दांची! हा पत्ता कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की बऱ्याचदा ती टक्क्यांची लांबलचक माळच दिसते आणि लोकांना वाटतं व्हायरस आहे, कोण दाबतंय मग.

गूगलला याचा त्रास नाही, त्याला देवनागरी पत्ता नीट वाचता येतो आणि त्यामुळं रँक पडत नाही. त्रास माणसांना होतो. म्हणून माझं मत, पान मराठीत, शीर्षक मराठीत, पण पत्ता छोट्या रोमन शब्दांत, मधे आडवी रेघ, खालची रेघ नको. डोमेनला 2014 पासून डॉट भारत पण मिळतं, पूर्ण देवनागरीत, कौतुकाची गोष्ट आहे, पण तेही आतून रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात जातं आणि काही जुन्या फॉर्ममध्ये तसल्या डोमेनचा ईमेल टाकला तर चुकीचा म्हणून परत येतो. हौस असेल तर दुसरं डोमेन म्हणून घ्या आणि मुख्य साइटकडं वळवा. रोमनमध्ये नाव घेताना 'ळ' ची पंचाईत होते, एल टाकला की बाहेरचा माणूस 'हलद' वाचतो, त्यामुळं फोनवर एकदा सांगून समोरच्याला नीट टाइप करता येतंय का ते आधी बघा.

सर्च करताना पण हीच भानगड. आपण पानावर 'हळदीचे आजचे दर' लिहितो आणि लोक रोमनमध्ये 'हळद रेट टुडे सांगली' असलं कायतरी मारतात. शिवाय मराठीत शब्द जागच्या जागी बदलतो, बेदाणा, बेदाण्याचा, बेदाण्यांना, मशीनला हे एकच आहे हे कळावं लागतं. इंग्रजी शब्दांचे शेपूट छाटायचे नियम मार्टिन पोर्टरनी 1980 लाच छापले, मराठीचं सामान्यरूप त्याहून अवघड. म्हणून शीर्षकात मूळ शब्द एकदा तरी न बदलता येऊ द्या, आणि लोक बोलताना 'रेट' म्हणत असतील तर तोही लिहा, शुद्धतेचा बाऊ नको. कुठल्या शब्दांवरून लोक येतात ते सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात फुकट दिसतं.

एकदा पत्ता दिला की मात्र त्याला हात लावू नका. ज्यांनी लिंक दिली ती जुन्याच पत्त्याला असते, पत्ता बदलला की ती शिफारस हवेत. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडं 301 नावाचा कायमचा वळसा लावायचा आणि निदान वर्षभर ठेवायचा. दरवर्षी अपडेट होणाऱ्या पानाच्या पत्त्यात सालही घालू नका, पुढच्या वर्षी ते शिळं दिसतं. आणि एकच पान एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट, त्याच्याशिवाय अशा चार पत्त्यांवर उघडत असेल तर त्यातला खरा कुठला हे पानाच्या कोडमध्ये टाकायच्या कॅनॉनिकल टॅग नावाच्या खुणेनं सांगता येतं, ही सोय 2009 पासून आहे.

राहिलं डोमेनचं नूतनीकरण, म्हणजे मुदत संपायच्या आत पुन्हा पैसे भरणं. डिसेंबर 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली, त्यावर चालणारं हॉटमेल या तिच्याच ईमेल सेवेचं लॉगिन अडकलं, शेवटी एका प्रोग्रॅमरनं स्वतःच्या खिशातून 35 डॉलर भरले. आपल्याकडं साइट बनवणाऱ्या पोराच्या ईमेलवर डोमेन घेतलेलं असतं, तो पुण्याला नोकरीला जातो, नंबर बदलतो आणि नूतनीकरणाची मेल त्याच्याच इनबॉक्समध्ये पडून राहते. डोमेन मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर घ्या, आणि जमलं तर एकदम पाच वर्षांचे पैसे भरून टाका.