नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला की संप ओसंडत नाही?

माशांच्या टाकीला भोक पाडून तिचं पाणी खाली संपात, म्हणजे फिल्टरच्या दुसऱ्या टाकीत, सोडणाऱ्यांत एक समज घट्ट बसलाय: रिटर्नच्या पाइपात (संपातलं पाणी पंपाने वर नेणारा पाइप) नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, टाका, मग लाइट जाऊन पंप थांबला तरी वरचं पाणी उलटं येत नाही आणि फरशी कोरडी. सोलापुरात बोअरचं जड पाणी वापरत असाल तर यावर अजिबात विसंबू नका. झडपेवर क्षार बसतात, शेवाळ किंवा एखादी गोगलगाय अडकते, आणि नेमकी गरजेच्या वेळी ती नीट मिटत नाही.

शिवाय व्हॉल्व्ह फक्त रिटर्नचा पाइप अडवतो. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टाकीतलं पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्याच्या, काठाच्या वरचं पाणी खाली येणारच. चार फूट बाय दीड फूट टाकीत एक इंच पातळी उतरली तरी सुमारे 14 लिटर!

उपाय साधा आहे. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा. पाणी उतरलं की तोंडातून हवा शिरते आणि सायफन (पाइपातून पाणी आपोआप खाली ओढलं जाणं) तुटतो. मग पंप बंद करून, सगळं पाणी खाली येऊ द्या. संप काठापासून दोन-तीन इंच खाली राहील इतकाच भरा. पंप सुरू करा, संपातली पातळी स्थिरावली की तिथे मार्करने रेघ ओढा. चालू पंपात त्या रेघेच्या वर पाणी नको, नळाला आज पाणी आलंय म्हणून हात सैल सुटला तरी.