चेंडू आपल्याकडे येईनासा होतो तेव्हा

रिपोल हे स्पेनमधल्या कॅटलोनियाचं, पिरनीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेलं गाव. वस्ती जेमतेम दहा-अकरा हजार, मधोमध नवव्या शतकात स्थापन झालेला मठ. १७ ऑगस्ट २०१७ रोजी बार्सिलोनाच्या ला राम्ब्ला या गजबजलेल्या रस्त्यावर एक व्हॅन गर्दीत घुसवली गेली. तो हल्ला आणि पुढच्या काही तासांतल्या घटना मिळून १६ जणांचा जीव गेला. हल्लेखोर निघाले रिपोलचे. मोरोक्कोतून आलेल्या कुटुंबांतली तरुण मुलं, सर्वांत धाकटा १७ वर्षांचा. त्यांत सख्ख्या भावांच्या चार जोड्या होत्या.

ही मुलं रिपोलच्याच शाळांत शिकली होती. कॅटलान अस्खलित बोलत होती, गावातल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळत होती, कामधंद्याला लागली होती. "बाहेरून आलेले लोक मिसळत नाहीत, भाषा शिकत नाहीत, म्हणून त्यांची मुलं बिघडतात," हे आपल्याकडच्या गप्पांतही किती ठामपणे सांगितलं जातं! इथे तर भाषा आली होती, पेहराव आला होता, खेळ आला होता. मग अडलं कुठे?

पहिली चूक म्हणजे सांस्कृतिक सात्मीकरणाला, म्हणजे नव्या समाजात मिसळून जाण्याला, आपण एकच पट्टी समजतो: एका टोकाला 'त्यांचे', दुसऱ्या टोकाला 'आपले'. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी दाखवलं की प्रश्न दोन आहेत. मूळची संस्कृती जपायची का? आणि नव्या समाजात मिसळायचं का? दोन्हींना 'हो' म्हणणारे लोक असतात, एकालाच 'हो' म्हणणारे असतात, आणि चौथा गट असतो धड ना इकडच्यांचा, धड ना तिकडच्यांचा. २०१५ साली अमेरिकेतल्या सुमारे २०० मुस्लिमांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याला कुठेच घर नाही असं ज्यांना वाटत होतं आणि वर भेदभावही सोसावा लागत होता, त्यांच्यात आपल्या जगण्याला किंमत नाही ही भावना जास्त होती. कट्टर गटांविषयीची ओढही तिच्याशीच जोडलेली होती. ओढ म्हणजे हिंसा नव्हे, हे लक्षात असू द्या. पण धोक्याची जागा अलगपणात नसून अधांतरी असण्यात आहे, हे त्यातून दिसलं.

आता मला सर्वांत जास्त भुरळ घालणारा भाग. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स एकदा बागेत आपल्या कुत्र्यासोबत बसले होते. दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्यांच्यापाशी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, तर त्या दोघांनी त्यांनाही खेळात घेतलं. थोड्या वेळाने काही न बोलता फ्रिस्बी त्यांच्याकडे येणं बंद झालं. त्या अनोळखी माणसांनी वगळल्याची बोच इतकी खरी होती, की पुढे त्यातून 'सायबरबॉल' हा संगणकावरचा प्रयोग जन्मला. पडद्यावर तीन आकृत्या, त्यांतली एक तुम्ही. चेंडू दोनदा तुमच्याकडे येतो, मग बाकीचे दोघे आपापसातच फेकत राहतात. मी हा खेळ खेळून पाहिला. पलीकडे माणूस नाही, नुसता प्रोग्रॅम आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी दुसऱ्या मिनिटाला माझं बोट कळीवर उगाच दाबलं जात होतं आणि घशाशी काहीतरी आलं होतं. हा माझ्या एकट्याचा हळवेपणा नाही. संगणकच खेळतोय असं आधी सांगितलेल्या लोकांनाही हे वगळणं लागतं, असं २००४ मध्येच नोंदवलं गेलं आहे. 'वाळीत टाकणं' ही शिक्षा आपल्या गावगाड्याने इतकी जपून का ठेवली, ते यावरून कळतं. महाराष्ट्राला तर तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

हाच खेळ बार्सिलोनात वापरला गेला. क्लारा प्रेतुस, नफीस हमीद, स्कॉट अट्रान या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मोरोक्की वंशाच्या ३८ तरुणांना एफएमआरआय या, मेंदूचं काम टिपणाऱ्या यंत्रात तपासलं. आधी प्रत्येकाची मूल्यं दोन गटांत विभागली. काही 'पवित्र', म्हणजे कितीही पैसे दिले तरी न सोडण्याजोगी. काही महत्त्वाची, पण देवाणघेवाण चालेल अशी. मग निम्म्यांना सायबरबॉलमध्ये स्पॅनिश नावांच्या खेळाडूंनी वगळलं.

यंत्र मोजतं काय, तेही पाहू. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे गरजेपेक्षा जास्त रक्त धावतं. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित खेचलं जातं आणि संकेत बिघडवतं, ऑक्सिजन धरलेलं तसं करत नाही. ताजं रक्त आलं की बिघडवणाऱ्याचं प्रमाण घटतं आणि तेवढा भाग उजळ दिसतो. पवित्र मूल्यांचा प्रश्न आला की सगळ्यांच्याच डाव्या कपाळाआडची एक वळी, इन्फिरिअर फ्रॉन्टल जायरस, उजळत होती. नफातोटा बाजूला ठेवून नियम आठवण्याशी हिचा संबंध जोडला जातो. वगळलेल्या तरुणांमध्ये मात्र साध्या मूल्यांच्या वेळीही तीच वळी उजळू लागली. शाळेत धर्मशिक्षण असावं यासारख्या, एरवी तडजोड चालणाऱ्या मुद्द्यासाठीही लढण्या-मरण्याची तयारी वाढलेली दिसली. काही मिनिटं चेंडू आला नाही, तेवढ्याने.

'दहशतवाद्याचा मेंदू सापडला' असे मथळे अशा अभ्यासांवर लगेच चिकटवले जातात. ते सपशेल खोटे आहेत. ३८ जणांच्या सरासरीवरून कुणा एकाच्या मनातलं ओळखता येत नाही. 'त्यांच्या रक्तातच असतं' ही अंधश्रद्धा आणि 'स्कॅन करा आणि पकडा' ही जाहिरात, दोन्ही एकाच माळेचे मणी. ब्रेन मॅपिंगसारख्या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावलं, ते योग्यच झालं.

मग सक्तीने मिसळवलं तर? पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या ओहायो आणि इंडियाना राज्यांनी शाळांमधून जर्मन भाषा हद्दपार केली. संशोधक वासिलिकी फुका यांनी त्या पिढीच्या नोंदी शोधल्या. बंदी सोसलेली जर्मन वंशाची मुलं मोठेपणी आपल्यातच लग्न करण्याकडे जास्त झुकली, पोरांना जर्मन वळणाची नावं ठेवू लागली, आणि दुसऱ्या महायुद्धात स्वेच्छेने भरती होण्यात मागे राहिली. शाळेने जे काढून घेतलं, ते घराने दुप्पट जोराने दिलं.

हे सगळं २६/११ ला लागू पडत नाही, हे स्पष्टच सांगतो. मुंबईत आलेले दहा जण कुठल्या समाजात मिसळता न आल्याने आले नव्हते. त्यांना लष्कर-ए-तैयबाने निवडून, शिकवून, हत्यारं देऊन धाडलं होतं. पण त्याच लष्करचं समर्थन करणारे, बार्सिलोनात राहणारे ३० पाकिस्तानी पुरुष प्रेतुस-हमीद-अट्रान यांच्याच गटाने नंतर तपासले. पवित्र मूल्यांसाठी मरायला ते तयार होते आणि त्या वेळी मेंदूतले सारासार हिशेब करणारे भाग मंदावलेले दिसत. मग त्यांना दाखवलं गेलं, की तुमच्याच समाजातले इतर लोक इतके तयार नाहीत. त्यांनी मरायच्या तयारीबद्दलची आपली उत्तरं खाली आणली, आणि हिशेबाचे भाग पुन्हा कामाला लागले. सरकारचा उपदेश नाही, शास्त्रज्ञाचा युक्तिवाद नाही. आपल्या माणसांचं मत पुरलं.

रिपोलच्या मुलांभोवती त्या शेवटच्या महिन्यांत 'आपली माणसं' म्हणून उरले होते ते त्यांचेच भाऊ आणि बाहेरून आलेला एक इमाम. घरच्यांना सगळं कळलं ते बातम्यांतून.